सांगलीच्या खोलीत लंडनचा वाद्यवृंद : हिसाइशींचा ‘अ सिंफनिक सेलिब्रेशन’ घ्यावा का?

सीडी घ्यायला हरकत नाही. एलपी घ्यायची असेल तर शेवटचा भाग आधी वाचा. आणि जपानी संगीतकार ‘जो हिसाइशी’ हे नाव पहिल्यांदाच ऐकत असाल तर सुरुवात या अल्बमने करू नका.

‘अ सिंफनिक सेलिब्रेशन’ डॉइच ग्रामोफोनने ३० जून २०२३ ला बाजारात आणला. वाजवणारा लंडनचा रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, जोडीला बाख क्वायर हा गायकवृंद, आणि संचालन खुद्द हिसाइशींचं. जपानी ॲनिमेशन-दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या दहा चित्रपटांचं संगीत, म्हणजे १९८४ च्या ‘नाउसिका’पासून २०१३ च्या ‘द विंड रायझेस’पर्यंतचं, इथे मैफलीच्या मापाने पुन्हा बांधलंय. पिवळ्या लेबलची ही कंपनी बीथोवन-ब्राम्सवाली. तिच्या यादीत ॲनिमेचा संगीतकार बसला याचं अप्रूप आहेच. पण अल्बमची अडचणही तिथूनच सुरू होते. दहाही चित्रपटांना एकच भरजरी शालू नेसवलाय. एखादीला तो शोभतो, एखादीला साधं इरकलच बरं होतं.

शोभलाय कुणाला, ते आधी. ‘मोनोनोके’ला. मूळ संगीतातच पितळी वाद्यं आणि मोठे ढोल होते, त्यामुळे ऐंशी-नव्वद माणसं एकदम वाजवायला लागली तरी काही उसनं वाटत नाही. एक गोष्ट मात्र इथे मिळणार नाही. १९९७ मध्ये शीर्षकगीत योशिकाझु मेरा यांनी गायलं होतं. ते काउंटरटेनर, म्हणजे पुरुषाचा गळा पण पट्टी बाईची. ऐकणाऱ्याला गाणारं कोण हे नक्की कळू नये, यातच त्या गाण्याची गूढता होती. नाटकात स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांचं गाणं ज्या गावाने डोक्यावर घेतलं त्या सांगलीला हे वेगळं सांगायला नको. लंडनच्या ध्वनिमुद्रणात मेरा नाहीत. गाणं सुरेख झालंय, पण ती हुरहूर गेली.

‘नाउसिका’चं नुकसान जास्त झालंय. १९८४ च्या मूळ ध्वनिपट्टीत वाद्यवृंद होता तसे सिंथेसायझरही होते, आणि त्यांचा थोडा पत्र्यासारखा, कोरडा आवाज त्या विषारी जंगलाला चपखल बसला होता. लंडनमध्ये ती सगळी कामं व्हायोलिन आणि कोरसकडे गेली. ऐकायला भव्य, पण जंगल आता चर्च झालंय. याच चित्रपटात हिसाइशींची मुलगी माई फुजिसावा हिने चार वर्षांची असताना ‘ला-ला-ला’ एवढ्याच अक्षरांवर एक धून गायली होती. थोडी हलणारी, श्वास मधेच संपणारी. या अल्बमच्या गायकांत तीच माई मोठी होऊन आलीय. चाळीस वर्षांचा हा धागा अल्बमच्या बाजूने मोजायलाच हवा.

हे सगळं एवढं ताणून सांगण्याचं कारण हिसाइशींच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १९५० चा, नागानो प्रांतातल्या नाकानो गावचा. खरं नाव मामोरू फुजिसावा. चौथ्या वर्षी हातात व्हायोलिन आलं, पुढे टोकियोच्या कुनिताची कॉलेजात रचनाशास्त्र शिकले. टोपणनाव अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्सवरून घेतलं. क्विन्सीचा जपानी उच्चार ‘कुइशी’. ती चित्राक्षरं दुसऱ्या पद्धतीने वाचली की होतं ‘हिसाइशी’, आणि जोन्सचं झालं ‘जो’. सिनेमाकडे येण्याआधी ते मिनिमलिस्ट होते. टेरी रायली, स्टीव्ह राइश यांच्यासारखं चार-सहा सुरांचं तुकडं घ्यायचं, ते पुन्हा पुन्हा वाजवायचं आणि दर फेरीला एखादा कण हलवायचा. १९८१ चा ‘म्क्वाजू’ हा त्यांचा त्या काळातला अल्बम. शब्द स्वाहिली आहे, अर्थ चिंच! सगळा कारभार ताल आणि मरिम्बासारख्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यांचा. हा अल्बम ऐकला की पुढच्या सगळ्या ॲनिमे-संगीताचा सांगाडा दिसतो, आणि लंडनच्या अल्बममध्ये नेमका हाच सांगाडा मांसाखाली झाकला गेलाय.

दुसरी गोष्ट ‘इमेज अल्बम’ची. चित्रपटाची चित्रं रंगवून व्हायच्या आत मियाझाकी संगीतकाराला काही शब्द, टिपणं, कवितेसारख्या ओळी देतात. हिसाइशी त्यावर स्वतंत्र अल्बम रचतात आणि तो आधी प्रसिद्ध होतो. ‘नाउसिका’चा इमेज अल्बम १९८३ चा, चित्रपट मार्च १९८४ चा. त्यातल्या कुठल्या धुना कुठल्या प्रसंगाला बसतात हे मग ठरतं, आणि प्रत्यक्ष चित्रपटाची पट्टी सेकंदाच्या हिशोबाने लिहिली जाते. त्यानंतर पुष्कळदा तिसरा, सिंफनी अल्बम येतो. म्हणजे एकाच धुनेची तीन वयं: कच्चा आराखडा, कामाचे कपडे, लग्नाचा पोशाख. लंडनचा अल्बम हे चौथं वय समजा, षष्ट्यब्दीचा सोहळा. सोहळ्यातच माणसाची पहिली ओळख झाली तर तो रोज कसा बोलतो ते कळत नाही, म्हणून वर म्हटलं की सुरुवात इथून नको.

सुरुवात कुठून, तर ‘लापुटा’वरून. १९८६ ची मूळ पट्टी आधी ऐका. दोन तासांहून थोड्या मोठ्या चित्रपटात संगीत जेमतेम तासाभराचं होतं. बाकी शांतता, वारा, यंत्रांची घरघर. पुढे डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीसाठी १९९९ मध्ये हिसाइशींनीच ते पुन्हा रचलं, वाढवलं, मोठ्या वाद्यवृंदावर घेतलं. कारण अमेरिकन प्रेक्षकाला फार वेळ संगीत नसलं की चुकल्यासारखं होतं असा होरा होता. दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ ऐकल्या की संगीतकार काय भरतो आणि काय सोडतो ते शिकवणीशिवाय कळतं. त्यानंतर लंडनची आवृत्ती लावा. ती दुसरीच्या जवळची आहे.

आता अल्बममधली सर्वांत जमलेली गोष्ट: ‘हाउल’चा वॉल्ट्झ (तीन-तीन मात्रांचा युरोपी नाच), इथे ‘सिंफनिक व्हेरिएशन’ या रूपात. २००४ च्या त्या चित्रपटात मियाझाकींना जवळपास सगळीकडे एकच धून हवी होती, कारण नायिका सोफी कधी अठराची, कधी नव्वदीची दिसते. चेहरा बदलला तरी माणूस तोच हे कानाला कळायला हवं. हिसाइशींनी ती एक धून पुरेशा प्रकारे उलटीपालटी केली: कधी एकटा पियानो, कधी भरधाव वाद्यवृंद, कधी फक्त सावली. चित्रपटातल्या ध्वनिपट्टीत ती पांढरी पाचला (पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या सुराला) आहे, मायनरमध्ये. पेटीवर काढून बघा. मंद्र पंचमावरून षड्ज, कोमल गंधार, पंचम अशी चार पायऱ्यांत वर चढते, तिथे थांबते, आणि मग पायरी-पायरीने उतरते. चढणं उडीने, उतरणं चालत. सगळी ओढ या फरकात आहे. पेटीवर हे पाच मिनिटांत बसतं. बसत नाही ती खालची साथ.

तबला शिकणारी मुलं याखाली दादरा लावून बघतात, आणि दोन ओळींत घसरतात. मात्रा जुळतात, कारण दादऱ्याच्या सहा म्हणजे वॉल्ट्झच्या दोन फेऱ्या. घोळ दुसरीकडे आहे. दादऱ्यात चौथ्या मात्रेला ‘खाली’ (टाळीऐवजी रिकामा हात) येते, म्हणजे दोन तिगड्यांचं वजन वेगळं. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक तिगडीची पहिली मात्रा बास धरतो आणि दुसरी-तिसरी वरची वाद्यं हलकेच टेकतात. खाली नावाची चीज नाही. शिवाय शेवटच्या मात्रेला लय किंचित ओढून धरायची आणि पुढच्या समेवर सोडून द्यायची, हा झोका संचालकाच्या हातात असतो. लंडनच्या ध्वनिमुद्रणात हा झोका मोठा आहे, चित्रपटातल्यापेक्षा बराच. नाचायला अवघड, ऐकायला बहार. साथ करायचीच तर ठेका सोडा; फक्त दर तीन मात्रांच्या पहिलीला बायाँ (डग्गा), बाकी हात मांडीवर.

मिरजेजवळ राहणाऱ्या कानाला आणखी एक फसगत होते. जपानी लोकधुनांत चौथा आणि सातवा सूर वगळलेली एक सप्तकाची तऱ्हा आहे, ‘योनानुकी’. उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचे सूर. तिच्या मायनर भावंडात गंधार-धैवत कोमल होतात. शिवरंजनीचा धैवत उतरवला की जे होईल ते. हिसाइशींच्या पुष्कळ चाली या घराच्या अंगणातून जातात, त्यामुळे पहिल्या दोन ओळींत ‘अरे, हे तर आपलंच’ असं वाटतं. तंबोरा जुळवून गायला बसलात की बिनसतं. आपल्याकडे षड्ज हलत नाही. तिकडे चाल तीच राहते आणि खालची जमीन सरकते. समजा चाल गंधारावर थांबलीय, पांढरी तीनवर. खाली पांढरी एकचा मेजर कॉर्ड असेल तर तो तिसरा सूर, निवांत. खाली पांढरी सहाचा मायनर आला की तोच पाचवा, थोडा उदास. पांढरी चारचा मेजर आला की तोच सातवा, आणि आता तो कुठेतरी जायला निघालाय. गळा हललाच नाही, अर्थ तीनदा बदलला. हिसाइशींचं जे ‘जुनं काहीतरी आठवल्यासारखं’ वाटणं आहे त्यातलं निम्मं इथून येतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याच्या जव्हारीवर मात्र ही चाल ठेवू नका, दोघांचाही अपमान होतो.

अल्बममध्ये नाही ते बरंच आहे, आणि कव्हरवरून हे लक्षात येत नाही. फक्त मियाझाकी आहेत. दिग्दर्शक ताकेशी कितानोंसाठी १९९१ पासून २००२ पर्यंत केलेले सात चित्रपट नाहीत. म्हणजे १९९९ च्या ‘किकुजिरो’ची ‘समर’ ही धून नाही, जी पियानो शिकणारं निम्मं जग वाजवतं. दिग्दर्शक ताकाहातांच्या ‘कागुया’चं (२०१३) संगीत नाही, तिथे त्यांनी एवढं कमी लिहिलंय की श्वास ऐकू येतो. ‘द बॉय अँड द हेरॉन’ जुलै २०२३ चा, त्यामुळे तो बसणंच शक्य नव्हतं. पण त्यातला जवळजवळ उघडा पियानो ऐकला की कळतं, बहात्तराव्या वर्षी हा माणूस पुन्हा १९८१ च्या चिंचेखाली येऊन बसलाय. मैफलीतला हिसाइशी हवा असेल तर २००८ च्या टोकियोतल्या बुडोकानच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण बघा: दोनशेंचा वाद्यवृंद, आठशेंचा कोरस, एकशे साठ जणांचा बँड. लंडनच्या अल्बममधल्या बऱ्याच मांडण्यांची मुळं तिथे सापडतील. आणि चित्रपटाबाहेरचा संगीतकार ऐकायचा असेल तर याच कंपनीचा २०२४ चा व्हिएन्नातला अल्बम, त्यांच्या दुसऱ्या सिंफनीचा.

ऐकण्याबद्दल. मियाझाकींच्या स्टुडिओ जिब्लीच्या मूळ ध्वनिपट्ट्या २०२० पासून स्ट्रीमिंगवर आहेत, लंडनचा अल्बमही आहे, तेव्हा आधी फुकट किंवा वर्गणीत ऐकून मगच पैसे टाका. ॲपमध्ये तीन गोष्टी बघा. क्रॉसफेड शून्यावर, नाहीतर एका भागाचं शेपूट पुढच्याच्या तोंडात जातं. गॅपलेस चालू, एका चित्रपटाचे तुकडे सलग आहेत, मधे अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला की समेवर ठेच लागते. आवाज सारखा करण्याची सोय बंद, किंवा ‘अल्बम’वर, ती गाण्यागणिक ठेवली तर एकट्या पियानोचा भाग आणि कोरसचा भाग एकाच उंचीचे होतात आणि मांडणीचा कणाच मोडतो. आवाजाची पातळी ठरवताना शांत भाग लावू नका. शेवटचा ‘टोटोरो’ लावा, सगळे मिळून वाजवतात त्या जागी कानाला सोसेल तेवढा ठेवा, मग पहिल्यापासून सुरू करा आणि पुन्हा हात लावू नका.

यानंतर उरतो पंखा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पंखा बंद करून कुणी ऐकणार नाही, आणि चारवर फिरणाऱ्या पंख्याखाली या अल्बममधला सगळा हळुवार भाग वाहून जातो. चित्रपटाच्या पट्ट्यांत आवाजाची चढउतार कमी असते, इथे ती खरोखरच्या सभागृहासारखी आहे. एकच स्पीकर असलेल्या ब्लूटूथ डब्यावर तर वाद्यं डावीकडे-उजवीकडे मांडण्याचा सगळा खटाटोप वाया. कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन हा या अल्बमसाठी सगळ्यात स्वस्त आणि बरा उपाय. रात्री दहानंतर, पंखा एकवर.

सीडीची बाजू इथेच जड होते. शांत भागात खरखर नाही आणि तबकडी उलटायला उठणं नाही. एलपी दोन तबकड्यांची आहे, म्हणजे संपूर्ण ऐकताना तीनदा उठायचं. दुसरं असं की एलपीचा फेरा ठरलेला, मिनिटाला ३३⅓. पण सुई बाहेरच्या कडेला असताना खाचण सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने तिच्याखालून जाते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. त्याच आवाजाला लिहायला जागा निम्म्याहून कमी. म्हणून बाजूच्या शेवटी कोरस-पितळ एकदम आलं की साध्या सुईवर आवाज चिरकतो. हा तबकडीतला दोष समजून ती परत पाठवणारे असतात. आधी सुई बदलून बघा. सुटकेससारख्या प्लेअरवर तर ही तबकडी ठेवूच नये. त्याची सिरॅमिक सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाबते, तर ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५-ई सारख्या सुईला दोन ग्रॅम पुरतात.

जपानहून मागवलेला जुना टर्नटेबल स्वस्त दिसतो, त्यातली मेख वेगळी. तो १०० व्होल्टचा असतो, तेव्हा २३० वरून उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जपानच्या पश्चिम भागात वीज ६० हर्ट्झ आहे आणि पूर्वेला ५०. मोटर थेट विजेच्या ठेक्यावर फिरणारी आणि पुली ६० ची असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ती सहाव्या हिश्श्याने हळू फिरते. परिणाम? ‘हाउल’चा वॉल्ट्झ पांढरी पाचऐवजी पांढरी तीनच्याही किंचित खाली, आणि सोफी कायमची नव्वदीची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. ५० ची पुली मिळते का ते आधी विचारा, किंवा डीसी मोटरचा घ्या. घरच्या वायरिंगला अर्थिंग नसेल तर शांत भागात ‘हूं’ असा एकसुरी आवाज येतो. टर्नटेबलची बारीक हिरवी-काळी वायर ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला लावली की बहुतेक वेळा थांबतो.

परदेशातून मागवताना किमतीत पाठवणीचा खर्च आणि कस्टमची रक्कम धरा. कस्टमचे पैसे बहुधा पार्सल दारात आल्यावर मागतात. पार्सल उन्हाळ्यात मागवू नका. पत्र्याखालच्या गोदामात किंवा बंद गाडीत तबकडी पापडासारखी वाकते, आणि घरी वजन ठेवून सरळ करायचे प्रयोग सहसा फसतात. घरात उभीच ठेवायची, आडवी थप्पी नाही, आणि पत्र्याच्या छताच्या खोलीत तर नाहीच.

सांगलीच्या गावभाग-खणभागातल्यांसाठी एक जास्तीचं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की पासबुकं, दागिने जातात त्याच फेरीत तबकड्याही वर न्या. २०१९ आणि २०२१ नंतर हे कुणाला सांगायला नको. तरीही भिजल्याच तर प्लॅस्टिकला पाण्याने काही होत नाही, कृष्णेचा गाळ कोरडा पुसला तर होतं. गाळ ओला असतानाच वाहत्या पाण्याखाली धरा, मधलं लेबल हाताने झाका. शेवटची धुलाई बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने. गॅरेजात मागताना ‘पाणी, ॲसिड नव्हे’ हे दोनदा सांगा. थेंबभर भांड्याचा साबण, मऊ सुती फडकं, आणि पुसायचं ते खाचणीच्या दिशेने, गोल. ताटासारख्या उभ्या करून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. कव्हर वाचत नाही. आतली कागदी पिशवी बुरशी धरण्याआधी फेकून नवी घाला.